शेवटच्या घरावरची चूक

रोज सकाळी चहाचं पातेलं गॅसवर चढवायच्याही आधी ती आपली पोलादी टेप घेऊन मागच्या व्हरांड्यात यायची. तिथे फरशीत तिने स्वतः ठोकलेले दोन पितळी खिळे होते. एका खिळ्यावर टेपचं शून्य धरायचं, दुसऱ्यावर नजर. हवा गरम आहे का गार, टेप कालच्यापेक्षा सैल पडतेय का, हे बघून ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटायची आणि मगच टेप पिशवीत टाकायची. पोलाद उन्हात वाढतं, थंडीत आखडतं आणि रोजच्या ओढाताणीने कायमचं लांबतंही. लांबलेल्या टेपने वर्षभर जमीन मोजायची आणि मग लोकांच्या भांडणात साक्ष द्यायची, याला ती चोरी म्हणायची.

नवरा दात घासत दाराशी उभा राहायचा. "झाली का टेपची हजेरी? आता आमचीही घ्या."

"तुम्ही रोजच कमी भरता," ती म्हणायची.

जमीनमोजणीच्या कचेरीत तिला पाठीमागे 'ओळंबा' म्हणत. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं टोकदार पितळी वजन. दुर्बिणीची तिपाई जमिनीवरच्या नेमक्या खुणेवर उभी आहे की नाही, ते सांगणारं. वारा असो, उतार असो, ते आपलं सरळ खालीच बघतं. नाव तिच्या कानावर आलं तेव्हा ती भर दुपारी सगळ्यांच्या टेबलांमध्ये जाऊन उभी राहिली. "ओळंबा म्हणायचंय तर मोठ्याने म्हणा. पुटपुटलेली नावं मला ऐकू येत नाहीत." त्या दिवसापासून शिपायापासून साहेबापर्यंत सगळे तिला तोंडावर ओळंबा म्हणू लागले, आणि तिने कधी भुवईसुद्धा उचलली नाही.

राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. पण तो उगीच कुठेही फुटायचा नाही. एखाद्याने दुर्बिणीतून एकदाच बघून आकडा लिहिला, की फुटायचा. उंची मोजत टेकडीपर्यंत गेलेल्या माणसांनी, आता पाय दुखतात म्हणून परतीचं मोजमाप न करताच तंबू गाठला, की फुटायचा. जिथून निघालो तिथेच मोजत परत यायचं असतं. आल्यावर सुरुवातीची उंची जुळली तर वाटेतलं सगळं खरं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. ती पुन्हा पहिल्यापासून लावायची, आणि लावताना जे बोलायची ते ऐकून नवीन मुलं आपल्या आईच्या आठवणीने व्याकूळ व्हायची.

एकदा होकायंत्र लावून काम चाललं होतं आणि सुई काही केल्या ठरेना. सगळे यंत्राला दोष देत होते. ती इकडेतिकडे बघत राहिली आणि तिची नजर मोठ्या साहेबांच्या खिशावर गेली. तिथे लोखंडी किल्ल्यांचा भलामोठा जुडगा होता.

"साहेब, तुम्ही जरा त्या झाडापाशी जाऊन उभे राहा," ती म्हणाली. "तुमच्यामुळे उत्तर दिशा हलतेय."

साहेब गेले. पुढच्या बढतीच्या वेळी तिचं नाव मात्र मागे राहिलं, आणि त्याचंही कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

नवीन मुलांना ती दोन गोष्टी शिकवायची. पहिली, मोठ्याकडून लहानाकडे जा. आधी सगळ्या गावाची चौकट पक्की करा, चार लांबचे दगड ठरवा, मग आत एकेक घर भरा. एका घरावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं असं मोजत गेलात तर प्रत्येकाची बारीकशी चूक पुढच्याच्या डोक्यावर बसते, आणि शेवटच्याला कळतही नाही की आपण कुणाकुणाचं ओझं वाहतोय. दुसरी गोष्ट चुकीबद्दलची. मोजत मोजत परत आलात आणि रेघ सुरुवातीच्या खुणेला जुळली नाही, थोडी फट राहिली, तर ती फट शेवटच्या रेषेवर ढकलायची नाही. ती सगळ्या रेषांना त्यांच्या त्यांच्या लांबीप्रमाणे वाटून द्यायची.

"आणि फट मोठी असेल तर?" कुणीतरी विचारायचंच.

"मग ती वाटायची नाही. मोठी फट म्हणजे कुणातरी एकाचा गाढवपणा. तो शोधायचा आणि ज्याचा त्याच्या पदरात घालायचा."

ती निवृत्त झाली. नवरा त्याआधीच गेला होता. घरात ती, मुलगा आणि बाजूची ती एक अरुंद खोली उरली. खोलीचं सांगायला हवं. लग्नानंतर बरीच वर्षं तिचं सामान पलंगाखाली, कपाटावर, स्वयंपाकघराच्या दाराआड पडलेलं असायचं. तिपाई पायात यायची, नकाशांच्या गुंडाळ्या पिठाच्या डब्याला टेकलेल्या. मग एका मोसमात ती डोंगराच्या मोजणीवर गेली आणि परत आली तेव्हा नवीन घर बांधून झालेलं, घराच्या कडेला ही खोली, आणि खोलीच्या भिंतीत नकाशांच्या गुंडाळ्या बसतील असे गोल गोल खण. नवऱ्याने सुताराच्या डोक्यावर बसून करवून घेतलेले. प्रवासाच्या धुळीने माखलेली ती दारात उभी राहिली होती.

"माप?" एवढंच तिने विचारलं होतं.

"दोरी टाकूनच बांधलंय बाई," तो म्हणाला होता.

तिने विश्वास ठेवला. आयुष्यात न पडताळता मान्य केलेलं ते एकच माप.

तिची गल्ली सरळ होती. काही नोकरदारांनी मिळून जागा घेतली होती आणि एकाला लागून एक घरं बांधली होती. पहिलं घर तिचं. शेवटचं तिच्या नणंदेचं. नणंद नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा भावानेच पुढाकार घेऊन तिला तो तुकडा मिळवून दिला होता. पुढच्या कोपऱ्यातल्या बोळाएवढ्या खोलीत नणंदेने इस्त्रीचं दुकान थाटलं, आणि त्यावरच तिचं पोट होतं. पलीकडून मोठा रस्ता जाणार होता, पण तो कित्येक वर्षं कागदावरच झोपला होता.

एकाच गल्लीच्या दोन टोकांना राहून भावजय-नणंदेचं बोलणं जेमतेम होतं. कारण ऐकून लोक हसायचे. एकदा पावसात भिजून चुरगळलेला एक नकाशा तिने वाळायला टाकला होता. नणंदेला दया आली आणि तिने तो गरम इस्त्रीने छान सपाट करून, घडी घालून ठेवला. उष्णतेने कागद आखडला. आखडलेल्या नकाशावर मोजलेलं प्रत्येक अंतर खोटं. अख्ख्या हंगामाचं काम गेलं.

"सुरकुत्या होत्या, त्या मी काढल्या," नणंद अजूनही सांगायची. "उपकार राहिले बाजूला, मलाच फैलावर घेतलं!"

तर एका सकाळी हीच नणंद तिच्या दारात येऊन उभी राहिली. चप्पलही काढली नाही.

"वहिनी, तुझ्या खात्याची माणसं माझ्या दुकानात तांबडा रंग सांडून गेलीत."

"माझं खातं नाही ते. मी निवृत्त झालेय, वन्सं."

"राग तेवढा कामावर आहे अजून. चल, बघ."

रंग सांडलेला नव्हता. दुकानाच्या फरशीवर, इस्त्रीच्या टेबलाच्या पायांमधून, एक सरळ लाल रेघ मारलेली होती. रेघेच्या पलीकडचं सगळं रस्त्याच्या जागेत. झोपलेला रस्ता जागा झाला होता. टेबल, कपड्यांची मांडणी, गिऱ्हाईक उभं राहायची जागा, सगळं पाडायचं. उरणाऱ्या चिंचोळ्या पट्टीत माणूस फार तर आडवा होऊन श्वास घेऊ शकला असता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच रस्त्याच्या कचेरीत गेली. तिथला साहेब तिच्याच हाताखाली शिकलेला. त्याने उठून खुर्ची दिली, ती बसली नाही.

"रेघ चुकलीय तुझी."

"मॅडम, चुकली असती तर मला आनंदच झाला असता. तुम्हीच तपासा. यंत्र देतो, माणूस देतो."

तिने तपासलं. गावाच्या लांबच्या दगडांवरून सुरुवात केली, प्रत्येक कोन दोनदा वाचला, दुर्बीण उलटी फिरवून पुन्हा वाचला, आणि मोजत मोजत निघाल्या जागी परत आली. रेघ बरोबर होती. तिला अगदी केसभरही चूक सापडली नाही. गल्लीच्या त्या टोकाचा हद्दीचा दगडसुद्धा सापडला, राडारोड्याखाली गाडलेला. घरं बांधताना कुणी तिकडे फिरकलंच नव्हतं. सगळ्यांनी पहिल्या घरापासून मोजत आणलं होतं, प्रत्येकाने शेजाऱ्याच्या भिंतीला टेप लावून. शेवटचं घर होतं तिथून सरकत सरकत रस्त्यात जाऊन उभं राहिलं होतं.

ती पुन्हा साहेबासमोर गेली, आणि आता तिचा आवाज बाहेरच्या बाकावर बसलेल्यांनाही ऐकू येत होता.

"ही चूक सगळ्या गल्लीची आहे. ती शेवटी आहे म्हणून तिची एकटीची?"

"मॅडम, कागदावर चूक वाटता येते. विटांमध्ये कशी वाटायची? रस्त्यात जे घर आहे ते पडणार. मला दुसरं काही लिहिता येत नाही."

"मी तुला हे शिकवलं होतं?"

तो खाली बघत राहिला. "तुम्ही शिकवलं तसंच मोजलंय, मॅडम. म्हणून तर ते घर रस्त्यात आलं."

ती तडक बाहेर पडली. संध्याकाळी तिने सगळ्या गल्लीला मुख्याध्यापकांच्या अंगणात बोलावलं. मुख्याध्यापक गल्लीच्या मधोमध राहायचे, निवृत्त झाल्यावरही वाक्य संपलं की वर्ग शांत आहे ना ते बघायचे. त्यांच्या घरासमोर सगळ्यांची मिळून एक मोकळी जागा होती. लोक तिथे गाड्या लावत.

"ही जागा वन्संच्या दुकानाला द्या," ती म्हणाली. "तुमच्या प्रत्येकाच्या भिंतीने त्यांना थोडं थोडं ढकललंय."

"आणि गाड्या कुठे लावायच्या? डोक्यावर?" कुणीतरी मागून म्हणालं.

"तिथे रिकामी जागा भरपूर आहे," ती म्हणाली.

हशा पिकला आणि मावळला. मुख्याध्यापकांनी घसा साफ केला. "बाई, ढकललंय म्हणता, ते मोजून दाखवा. कुणाची किती चूक ते कळू दे. ज्याची जितकी त्याने तितकी सोसावी. हा माझा शब्द."

"सगळ्यांचा?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मोजायला कोण जातंय, असं त्यांना वाटलं असावं.

ती गेली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या एकेका घराची रुंदी ती मोजत सुटली. टेपचं दुसरं टोक नणंदेने धरलं, कारण दुसरं कुणी धरायला तयार नव्हतं.

"ताणा, वन्सं. ती साडी नाही वाळत घालत आहात तुम्ही."

"तुटेल की गं!"

"पोलाद आहे ते. तुमच्या जिभेने तुटलं नाही तर कशानेच तुटणार नाही."

"माझी जीभ काढतेस? आणि तुझी काय कापसाची आहे?"

खिडक्यांमधून लोक बघत होते. कुणी कुत्रं मोकळं सोडलं, कुणी नेमकं त्याच वेळी भिंतीला पाणी मारायला घेतलं. तिने कुत्र्यालाही दटावलं, आणि ते बिचारं मुकाट्याने पायरीवर जाऊन बसलं. प्रत्येक घरात थोडीथोडी वाढ निघत होती. कुठे गिलावा जाड, कुठे भिंतीला बाहेरून फरशी लावलेली. कुठे बोटभर, कुठे दोन बोटं. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून तिने सगळ्याची बेरीज केली. पुन्हा केली. मग मुलाला करायला लावली.

बेरीज पुरत नव्हती. सगळ्या घरांची वाढ मिळून, नणंदेचं घर जेवढं पुढे सरकलं होतं त्याच्या निम्मीच भरत होती. उरलेली निम्मी बेपत्ता.

"पुन्हा मोजते उद्या," ती म्हणाली. "कुठेतरी माझी टेप घसरली."

नणंद ओट्याला टेकून उभी होती. तिने टेबलावरची यादी ओढून घेतली. मग हळूच म्हणाली, "वहिनी, हे घर कुठे मोजलंस?"

ती उठली. टेप घेतली. बाहेर अजून उजेड होता. मुलगा एक टोक धरायला पुढे आला, तेव्हा तिने ते नणंदेच्याच हातात दिलं. गल्लीच्या सुरुवातीच्या हद्दीच्या दगडापासून तिने आपलं घर मोजलं. पुढची खोली, मधली भिंत, मग ती अरुंद खोली. खोलीची बाहेरची भिंत घराच्या हक्काच्या रेघेच्या चांगली हातभर पुढे उभी होती. ती डोंगरावर असताना नवऱ्याने दोरी टाकली होती, पण गोल खण बसवायला जागा कमी पडली तेव्हा दोरी सरकवली होती. दुसऱ्या घराने त्या भिंतीला टेप लावली, तिसऱ्याने दुसऱ्याच्या. त्या एका हातात सगळी गल्ली सरकली, आणि सरकत सरकत त्याच्याच बहिणीच्या दुकानात जाऊन थांबली.

ती टेप गुंडाळेना. टेप तशीच जमिनीवर लोळत राहिली.

"आई," मुलगा म्हणाला, "बाबांनी तुझ्यासाठी प्रेमाने बांधली होती गं ती."

"प्रेमाने बांधली म्हणून सरळ बांधायला बंदी होती का?"

"ओरडू नकोस. लोक ऐकतायत."

"ऐकू देत! अख्खी हयात मी दुसऱ्यांच्या हद्दी मोजत हिंडले. उन्हातान्हात. याने सांगितलं दोरी टाकून बांधलंय, आणि मी, मी बघितलं नाही! एकदासुद्धा!" तिने भिंतीवर हाताचा पंजा आपटला. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला होता. तो असता तर दाराशी उभा राहून काहीतरी विनोद केला असता आणि तिने त्याला उभा सोलला असता.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या अंगणात तिने स्वतःच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ते ऐकताना गल्लीच्या चेहऱ्यांवर हळूहळू जो निवांतपणा पसरत गेला, तो तिने नीट पाहिला.

"म्हणजे बाई," मुख्याध्यापक म्हणाले, "तुमच्याच शास्त्राप्रमाणे मोठी चूक वाटायची नसते. नाही का?"

"नसते. ती माझ्या पदरात. पण उरलेली निम्मी, लहान लहान चुकांची, तुमची आहे. तुमचा शब्द होता."

"लहान म्हणजे बोटभरच ना. बोटभराचं काय एवढं?"

"बोटभराचंच असतं सगळं!" तिचा आवाज चिरकला. "तुम्ही सगळे बोटभरच चोर आहात, म्हणून कुणी चोर नाही."

कुणी उठून आपली गाडी हलवली नाही. एकेक जण कामं आठवून निघून गेला. त्या माणसांशी ती नंतरही बोलली, वर्षानुवर्षं बोलली, पण त्यांच्या नमस्काराला तिने उलट नमस्कार कधी केला नाही.

रस्त्याच्या माणसांनी नणंदेचं दुकान पाडलं, तेव्हा ती समोर उभी राहून बघत होती. त्यांनी रेघेच्या अलीकडची एक वीटही काढू नये म्हणून. एक मजूर दोन विटा पुढे गेला तर तिने त्याला इतकं झापलं, की मुकादमाने हात जोडले.

त्याच आठवड्यात तिने अरुंद खोली रिकामी केली. तिपाई पलंगाखाली गेली, नकाशांच्या गुंडाळ्या कपाटावर. मुलगा म्हणाला, हातभर जागेसाठी अख्खी खोली कशाला? ती म्हणाली, "हातभर भिंत कापून त्यांच्या हातात देऊ का?" नणंदेला ती फक्त एवढंच म्हणाली, "वन्सं, टेबल आणा. दार गल्लीकडे पाडून घेऊ."

"मला तुझे उपकार नकोत."

"उपकार कसले? तुमचंच आहे. तुमच्या भावाने चुकून माझ्याकडे ठेवलं होतं."

नणंद टेबल घेऊन आली. आल्या आल्या गोल खणांकडे बघून तिने विचारलं, "यात काय ठेवायचं? भोपळे?" मग तिने त्यात गिऱ्हाइकांचे रुमाल, लहान मुलांचे कपडे गुंडाळून ठेवायला सुरुवात केली, आणि त्यावरून पहिल्याच दिवशी भांडण झालं. पुढे ते थांबलं असं नाही. इस्त्रीची वाफ घरात येते, दुर्बिणीच्या पेटीवर पाणी शिंपडलं, गिऱ्हाईक आमच्या पायरीवर बसतं, तुझा आवाज ऐकून गिऱ्हाईक पळतं. सकाळपासून सुरू व्हायचं. गल्लीतली माणसं म्हणायची, नणंदेला आपल्या छपराखाली आणून त्या बाईने स्वतःलाच शिक्षा करून घेतली. तिला कुणी तसं तोंडावर म्हटलं असतं तर ती काय म्हणाली असती कोण जाणे. कुणी म्हटलं नाही.

खोलीत गेली की मात्र ती दर वेळी त्या बाहेरच्या भिंतीकडे पाठ करूनच उभी राहायची.

म्हातारपणी गुडघे गेले, मग छातीत दम राहिना. तिचा पलंग मधल्या खोलीत हलवला, दुकानाच्या दाराला लागूनच. तिथून पडल्या पडल्या तिला इस्त्रीचं टेबल दिसायचं. शेवटच्या दिवशीही दुपारी ती जागीच होती. मुलगा पायाशी बसून वर्तमानपत्र चाळत होता. नणंद त्याचाच निळा शर्ट टेबलावर पसरून कॉलर दाबत होती, आणि ती उशीवरून मान तिरकी करून बघत होती.

"वन्सं, डावीकडून पुन्हा दाबा. वाकडी राहतेय."